बंदूक परत आली, चोराचं काय?

घरात चोरी झाली की बाईच्या मनात दोन प्रश्न येतात. गेलेली वस्तू परत मिळेल का? आणि नेणारा सापडून त्याला शिक्षा होईल का? आमच्याकडे मदत मागायला येणाऱ्यांमध्ये गळ्यातलं मंगळसूत्र खेचून नेलेल्या बऱ्याच जणी असतात. पहिल्या दिवशी त्या संतापाने म्हणतात, "ताई, त्याला सोडू नका." चार-सहा महिने गेले की त्याच म्हणतात, "जाऊ द्या हो ताई त्याचं. माझे दोन तोळे तेवढे मिळवून द्या." यात नवल काही नाही. ओळखपरेड, जबाब, कोर्टाच्या तारखा यात पाय झिजतात. घरचे म्हणतात, पुरे झालं आता. सापडलेलं सोनंही 'मुद्देमाल' म्हणून पोलिसांच्या ताब्यात अडकलेलं असतं.

खरं तर एकासाठी दुसरं सोडून द्यावं, असं कायदा सांगत नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच बजावलं आहे की, मुद्देमाल वर्षानुवर्षं पोलीस ठाण्यात पडून राहू देऊ नका. त्याचे फोटो काढा, पंचनामा करा, हमीपत्र घ्या आणि ज्याची वस्तू त्याला लवकर द्या. खटला पुढे चालूच राहतो. म्हणजे वस्तू घरी आणि चोर कोर्टात, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात. ही साधी बाब आपल्या लक्षात असली, तर आज ज्या विषयावर लिहायचं आहे तो समजायला सोपा जाईल.

विषय आहे मणिपूरचा. तिथे चोरीला गेल्या त्या बंदुका. एक-दोन नाहीत, सुमारे सहा हजार. त्याही सरकारच्या, पोलिसांच्या शस्त्रागारातून. त्या परत मिळवण्यासाठी सरकारने वेळोवेळी हात जोडले, मुदती दिल्या, 'आणून द्या, कारवाई करणार नाही' असं आश्वासनही दिलं. काही परत आल्या, बऱ्याच आल्या नाहीत. पण ज्या आल्या, त्या कोणी नेल्या होत्या आणि मधल्या काळात त्यांनी काय केलं, हा प्रश्न मागेच राहिला. आणि या सगळ्या गोष्टीत बायका अगदी मध्यभागी आहेत. म्हणून या पुरवणीत त्यावर बोलायला हवं.

आधी थोडी उजळणी. ३ मे २०२३ रोजी मणिपूरमध्ये मैतेई आणि कुकी-झो समाजांमध्ये हिंसाचार सुरू झाला. मैतेईंना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळावा या मागणीविरोधात डोंगरी जिल्ह्यांत मोर्चे निघाले होते, त्या दिवसाचं निमित्त झालं. अडीचशेहून जास्त माणसं गेली, साठ हजारांच्या आसपास लोक घर सोडून छावण्यांत आले. मैतेई खोऱ्यात आणि कुकी-झो डोंगरात अशी राज्याची फाळणीच झाली. मधल्या पट्ट्यात सुरक्षा दलं उभी राहिली.

दंगल सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवसापासून जमाव शस्त्रागारांवर चालून गेले. इंफाळजवळच्या पांगेई इथलं पोलीस प्रशिक्षण महाविद्यालय, खाबेइसोई इथली मणिपूर रायफल्सची सातवी बटालियन अशा ठिकाणांहून रायफली नेल्या गेल्या. डोंगरात चुराचांदपूरला बंदुकांचं दुकान लुटलं गेलं. दोन्ही बाजूंच्या लोकांनी हत्यारं उचलली, पण पोलिसांची बहुतेक शस्त्रागारं खोऱ्यात असल्यामुळे मोठी लूट तिथे झाली. शस्त्रागाराची दारं जमावाने तोडली की आतून कोणी उघडून दिली, हा प्रश्न मणिपूरमध्येच उघडपणे विचारला गेला. त्याचं उत्तर कोर्टात साक्षी-पुराव्यानेच मिळू शकतं.

मे २०२३ च्या अखेरीस केंद्रीय गृहमंत्री अमित शहा मणिपूरला गेले. त्यांनी शस्त्रं परत करण्याचं आवाहन केलं. त्यानंतर एका दिवसात १४० शस्त्रं आली. इंफाळ पूर्व भागातल्या एका आमदाराने तर घरासमोर चक्क एक पेटी ठेवली आणि वर फलक लावला, की हिसकावून नेलेली शस्त्रं इथे आणून टाका. आपल्याकडे देवळासमोर दानपेटी असते, तशी ही बंदुकांची पेटी. टाकणाऱ्याला नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. या पेटीचे फोटो तेव्हा देशभर छापून आले. लोकांना गंमत वाटली. पण ज्या घरातला माणूस तशाच एखाद्या बंदुकीने गेला, त्या घरातल्या बाईने तो फोटो कसा पाहिला असेल?

पुढे ३ ऑगस्ट २०२३ रोजी बिष्णुपूर जिल्ह्यात नारानसेना इथे इंडिया रिझर्व्ह बटालियनच्या शस्त्रागारावर जमाव गेला. कुकी-झो मृतांच्या सामूहिक दफनाला विरोध करण्यासाठी लोक जमले होते, त्याच दिवशी हे घडलं. जवळपास ३०० शस्त्रं आणि १९ हजारांहून जास्त काडतुसं गेली. म्हणजे दंगल सुरू होऊन तीन महिने झाल्यावरही सरकारी शस्त्रागार सुरक्षित नव्हतं. एकीकडे पेटीत बंदुका टाका म्हणून विनवणी आणि दुसरीकडे नव्याने लूट, असा हा प्रकार होता.

कायदा काय म्हणतो? पाच किंवा जास्त माणसांनी मिळून केलेल्या अशा लुटीला कायद्यात दरोडा म्हणतात. शिवाय २०१९ साली शस्त्र कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यात याच गुन्ह्यासाठी स्वतंत्र तरतूद आली. पोलिसांकडून किंवा सैन्याकडून बळाने बंदूक हिसकावणाऱ्याला कमीत कमी दहा वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. म्हणजे कायद्याने हा गुन्हा साध्या चोरीच्या कितीतरी वर ठेवला आहे. कारण उघड आहे. मंगळसूत्र गेलं तर एका घराचं नुकसान होतं, पण पोलिसांची बंदूक चुकीच्या हातात गेली की गावच्या गाव भीतीखाली येतं.

ती भीती म्हणजे काय, हे आपण सगळ्यांनी १९ जुलै २०२३ रोजी पाहिलं. दोन बायकांची विवस्त्र धिंड काढल्याची चित्रफीत त्या दिवशी बाहेर आली. घटना ४ मेची, म्हणजे तब्बल अडीच महिने आधीची. फिर्यादीत लिहिलं होतं की आठशे ते हजार लोकांचा जमाव रायफली घेऊन गावात शिरला होता. चित्रफीत पाहून आपण हादरलो ते त्या बायकांच्या अब्रूसाठी. पण त्या जमावाच्या हातातल्या बंदुका आल्या कुठून, हे आपल्यापैकी किती जणींनी विचारलं? बाईवरचा अत्याचार आणि बेकायदा बंदूक यांचं नातं जवळचं आहे. बंदूक समोर असली की सोडवायला धावणारी माणसंही जागच्या जागी थिजतात.

आता बायकांच्या दुसऱ्या भूमिकेकडे येऊ. मणिपूरच्या बायकांबद्दल महाराष्ट्रातल्या चळवळीत पहिल्यापासून आदर आहे. १९०४ आणि १९३९ साली तिथल्या बायकांनी इंग्रजी अंमलाविरुद्ध लढे दिले. 'नुपी लान' म्हणजे बायकांचं युद्ध, असं त्याला म्हणतात. इंफाळचा 'इमा कैथेल' हा अख्खा बाजार बायका चालवतात. आपल्याकडे बायकांनी आडव्या बाटलीला मतं देऊन दारूची दुकानं बंद पाडली, तसं तिथल्या बायकांनी सत्तरच्या दशकात दारुड्यांविरुद्ध रात्रीची गस्त सुरू केली. त्यातून 'मैरा पाइबी', म्हणजे मशाल धरणाऱ्या बायका, ही चळवळ उभी राहिली. जुलै २००४ मध्ये मनोरमाच्या हत्येनंतर इंफाळच्या कांगला किल्ल्यासमोर बारा जणींनी विवस्त्र होऊन केलेला निषेध आपण विसरलेलो नाही. शस्त्रधारी माणसाला जाब विचारणं हे या बायकांचं वैशिष्ट्य.

पण २०२३ मध्ये चित्र उलटं दिसलं. २४ जूनला इंफाळ पूर्व जिल्ह्यातल्या इथाम गावात लष्कराने एका बंदी घातलेल्या संघटनेच्या बारा जणांना पकडलं. बाराशे-पंधराशे लोकांचा जमाव आला, पुढे बायका. लष्कराने रक्तपात टाळण्यासाठी शस्त्रं ताब्यात घेतली आणि माणसं सोडून दिली. पुन्हा तेच पाहा, वस्तू मिळाली आणि गुन्हेगार घरी. सप्टेंबरमध्ये पोलिसांचे कपडे घालून शस्त्रं बाळगणाऱ्या पाच तरुणांना इंफाळमध्ये अटक झाली. ते आमच्या गावाचे राखणदार आहेत, त्यांना सोडा, म्हणून मैरा पाइबी रस्त्यावर उतरल्या, बंद पाळला गेला. आठवडाभराच्या आत पाचही जणांना जामीन मिळाला. त्यातल्या एकाला लगेच दुसऱ्या प्रकरणात अटक झाली, तो भाग वेगळा. डोंगरातही बायका सुरक्षा दलांसमोर उभ्या ठाकल्या. ३१ डिसेंबर २०२४ रोजी कांगपोकपी जिल्ह्यात साइबोल इथे कुकी-झो बायकांची जवानांशी झटापट झाली, मुद्दा होता गावच्या बंकरचा.

या बायकांना नावं ठेवणं सोपं आहे. इथे बसून तर फारच सोपं. पण जरा त्यांच्या जागी जाऊन पाहा. रात्री गावावर हल्ला होतो, पोलीस येत नाहीत, आले तर ते कोणाच्या बाजूचे आहेत याची खात्री नाही. अशा वेळी आपला मुलगा किंवा शेजारचा मुलगा बंदूक घेऊन पहाऱ्यावर उभा राहिला, तर आई काय म्हणेल? ती बंदूक लुटीची आहे हे तिला ठाऊक असतं. पण तिच्या हिशेबी ती तिच्या घराची कडी आहे. पोलिसांनी ती बंदूक मागितली की तिला वाटतं, आता आमचं दार उघडं पडणार. सरकारवरचा विश्वास उडाला, की लुटीची वस्तूसुद्धा आधार वाटायला लागते.

अडचण अशी आहे, की दरीच्या पलीकडची आईसुद्धा नेमका हाच विचार करते. तिच्या मुलाच्या हातातही बंदूक आहे आणि तिलाही वाटतं, ती राखणीसाठीच आहे. दोन्हीकडचे राखणदार एकमेकांवर गोळ्या झाडतात. आणि एकदा घरात आलेली बंदूक फक्त शत्रूवरच चालते असं थोडंच आहे? मणिपूरच्या खोऱ्यात खंडणीच्या तक्रारी वाढल्या, व्यापाऱ्यांना धमक्या आल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका मैतेई संघटनेच्या शस्त्रधारी लोकांनी इंफाळमध्ये पोलीस अधिकाऱ्यालाच घरातून उचलून नेलं, तेव्हा पोलीस कमांडोंनी निषेध म्हणून आपली शस्त्रं खाली ठेवली. ज्यांच्या बंदुका लुटल्या गेल्या, त्यांनीच हातातल्या बंदुका जमिनीवर ठेवाव्यात, यापेक्षा वाईट काय असतं?

९ फेब्रुवारी २०२५ रोजी मुख्यमंत्री एन. बीरेन सिंह यांनी राजीनामा दिला आणि १३ तारखेला राष्ट्रपती राजवट लागू झाली. राज्यपाल अजयकुमार भल्ला यांनी २० फेब्रुवारीला सात दिवसांची मुदत दिली. लुटलेली आणि बेकायदा शस्त्रं जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करा, मुदतीत देणाऱ्यावर शिक्षेची कारवाई होणार नाही, मुदतीनंतर मात्र कडक कारवाई होईल, असं त्यांनी सांगितलं. मुदत ६ मार्चपर्यंत वाढली. आरामबाई टेंगोल या मैतेई संघटनेने एकाच दिवशी २४६ शस्त्रं जमा केली. एकूण हजाराच्या आसपास शस्त्रं आली. त्यात गावठी बंदुकाही होत्या, म्हणजे सगळी काही पोलिसांची नव्हती. नंतर शोधमोहिमा झाल्या. १४ जून २०२५ रोजी खोऱ्यातल्या जिल्ह्यांतून एकाच मोहिमेत ३२८ शस्त्रं मिळाल्याचं पोलिसांनी जाहीर केलं.

माफी देणं चूकच होतं, असं मी म्हणणार नाही. हजारो घरांत शिरून एकेक बंदूक शोधायला गेलं तर नव्याने रक्त सांडेल, हे खरं आहे. एक बंदूक कमी झाली तरी एखादा जीव वाचतो. पण माफी कशाची, हे नीट सांगायला हवं. बंदूक बाळगल्याची माफी समजू शकते. त्या बंदुकीने कोणाचा खून झाला असेल, कोणाचं घर जाळताना ती रोखली गेली असेल, तर त्याची माफी कोण कोणाला देणार? ती देण्याचा अधिकार सरकारला तरी आहे का?

आपल्याच देशात याचे तीन धडे आहेत. १९७२ साली जयप्रकाश नारायण यांच्या शब्दावर चंबळच्या डाकूंनी शस्त्रं खाली ठेवली. त्यांना फाशी होऊ नये, असा प्रयत्न झाला, पण त्यांच्यावर खटले चालले आणि ते तुरुंगात गेले. काही जण मुंगावलीच्या खुल्या तुरुंगात होते. म्हणजे दया होती आणि कोर्टही होतं. दुसरा धडा फूलनदेवीचा. तिने फेब्रुवारी १९८३ मध्ये भिंडला हजारो लोकांसमोर रायफल खाली ठेवली. नंतर अकरा वर्षं ती तुरुंगात होती, पण खटला काही निकाली निघाला नाही. तिच्यावर झालेल्या अत्याचारांचा न्याय तिला मिळाला नाही. १९८१ मध्ये बेहमईत मारल्या गेलेल्या वीस जणांच्या विधवाही ताटकळत राहिल्या. त्या खटल्याचा निकाल फेब्रुवारी २०२४ मध्ये लागला, त्रेचाळीस वर्षांनी, आणि एका आरोपीला जन्मठेप झाली. तोवर किती विधवा शिल्लक राहिल्या असतील?

तिसरं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलं, ताजं. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत नक्षलवादी नेता भूपती आणि त्याच्या साठ साथीदारांनी ५४ शस्त्रं मुख्यमंत्र्यांसमोर ठेवली. नक्षलवाद्यांनीही वर्षानुवर्षं पोलिसांना मारून त्यांच्या बंदुका नेल्या आहेत. तिथे निदान कोण आलं, काय घेऊन आलं, याची नोंद झाली. मणिपूरच्या बातम्यांत मात्र शस्त्रांची यादी होती, इतक्या रायफली, इतकी पिस्तुलं, इतके हातबॉम्ब. माणसांची यादी नव्हती.

आणि यादी करणं अवघड नाही. सरकारी बंदुकीवर नंबर असतो, शस्त्रागाराच्या रजिस्टरमध्ये तो लिहिलेला असतो. परत आलेली बंदूक कुठल्या शस्त्रागारातली, हे त्यावरून कळतं. प्रत्येक नळीतून सुटलेल्या गोळीवर तिच्या खुणा उमटतात. मृताच्या अंगातून काढलेली गोळी जपून ठेवली असेल, तर न्यायवैद्यक प्रयोगशाळेत ती कुठल्या बंदुकीतून सुटली हे जुळवता येतं. परत आलेली बंदूक म्हणजे नुसतं लोखंड नव्हे, ती साक्षीदार आहे. ती पुसून, तेल लावून पुन्हा शस्त्रागारात ठेवून दिली, तर साक्षीदाराचं तोंड बंद केल्यासारखंच झालं.

कोर्टात काहीच झालं नाही, असं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले. तोवर साडेसहा हजारांहून जास्त फिर्यादी नोंदल्या गेल्या होत्या. पीडितांच्या मदतीसाठी न्यायालयाने तीन निवृत्त महिला न्यायमूर्तींची समिती नेमली, अध्यक्ष गीता मित्तल आणि त्यांच्यासोबत आशा मेनन व मुंबई उच्च न्यायालयातून निवृत्त झालेल्या शालिनी फणसळकर-जोशी. सीबीआयच्या तपासावर देखरेखीसाठी महाराष्ट्राचे माजी पोलीस महासंचालक दत्तात्रय पडसलगीकर यांना नेमलं. आपल्या दोन माणसांवर ही जबाबदारी आली, याचा अभिमान वाटायला हवा आणि त्या कामाचं पुढे काय झालं, हे विचारायलाही हवं.

सीबीआयकडे गेलेले खटले आसामात गुवाहाटीला चालवायचं ठरलं, कारण एका समाजाचा माणूस दुसऱ्या समाजाच्या भागात पाऊल टाकू शकत नव्हता. साक्षीदारांना मणिपूरमधूनच ऑनलाइन साक्ष देण्याची सोय झाली. नारानसेनाच्या लुटीत सात जणांवर गुवाहाटीच्या कोर्टात आरोपपत्र दाखल झालं, ती बातमी मार्च २०२४ मध्ये आली. तीनशे शस्त्रं, सात आरोपी. सुरुवात म्हणून ठीक. बाकीच्या शस्त्रागारांचं काय?

म्हणून मागण्या अगदी साध्या आहेत. परत आलेल्या प्रत्येक शस्त्राचा नंबर रजिस्टरशी ताडून किती मिळाली, किती बाकी, हे वेळोवेळी जाहीर व्हावं. ज्या शस्त्राने खून झाल्याचा संशय आहे त्याची तपासणी झाल्याशिवाय ते वापरात देऊ नये. शस्त्रागारावर त्या रात्री पहारा कोणाचा होता, याची चौकशी कोर्टापुढे यावी. साक्ष देणाऱ्या बाईला संरक्षण मिळावं. आणि दोन्ही समाजांच्या आरोपींना एकच मोजमाप लावावं. एकाच बाजूचे चोर कोर्टात उभे राहिले, तर दुसऱ्या बाजूच्या आया बंदूक कधीच देणार नाहीत.

मैरा पाइबींवर टीका करताना एक गोष्ट विसरता कामा नये. तिथल्या पोलिसांपेक्षा गावात त्यांचा शब्द जास्त चालतो. पोरगा रात्री कुठे जातो, पलंगाखाली काय ठेवतो, हे आईला माहीत असतं. खोऱ्यातल्या आणि डोंगरातल्या आयांनी मनावर घेतलं तर उरलेल्या बंदुका बाहेर येतील. पण त्यांनी दार उघडायचं, तर त्या दाराचं रक्षण सरकार करील अशी खात्री त्यांना वाटली पाहिजे. आणि आपल्या मुलाला मारणारा कोर्टासमोर उभा राहील, हा विश्वासही हवा. तो विश्वास भाषणांतून येणार नाही. दोन-चार खटले वेळेत निकाली लागले, तर येईल.

पुण्या-मुंबईत मणिपूरच्या कितीतरी मुली शिकायला आणि नोकरीला आल्या आहेत. त्यात मैतेई आहेत, कुकीही आहेत. एखादी तुमच्या सोसायटीत, मुलीच्या वसतिगृहात असेल. मोमो आणि नाचाच्या पलीकडे जाऊन तिच्या घरी काय चाललंय ते विचारा. ती सांगेल ते ऐका, लगेच बाजू घेऊ नका. आणि आपल्या खासदारांना विचारा, की सहा हजारांपैकी किती बंदुका परत आल्या आणि त्यासाठी किती जण कोर्टात उभे राहिले. आपलं मंगळसूत्र गेलं असतं तर पोलीस ठाण्यात हेच दोन प्रश्न आपण विचारले असते.